भाटकाराचा संगमरवर, आईची माती

गोव्यात बार्देशातल्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. ते थोडं आखडून देतो:

"आई मूळची सावंतवाडीकडची. बत्तीस वर्षं इथल्या एका भाटकाराच्या (जमीनदाराच्या) घरी तिनं रांधलं, भांडी घासली. मार्चमध्ये ती गेली. साधी पेटी, एक फादर, वीस-पंचवीस माणसं. पाच आठवड्यांनी भाटकार गेले. सहा फादर, बँड, कोंफ्रारियेचे (चर्चमधल्या बंधुमंडळाचे) लोक लाल ओपा (झगे) घालून, पुढच्या बाकावर आमदार. आम्ही आधीच बसलो होतो, तर आम्हांला उठवून मागं पाठवलं. त्यांना घराण्याचं संगमरवरी थडगं. आईची जागा तीन वर्षांनी उकरणार. धाकटा भाऊ दोन लाखांचं कर्ज काढून आईसाठी कायमची जागा घ्यायची म्हणतो, शिवाय भाटकारांसाठी ठेवल्या तशा ओळीनं तीस मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना). आईचा सात महिन्यांचा पगार त्यांच्याकडेच राहिला. मावशी म्हणते, सोडून दे, देव बघून घेईल, तिथं सगळे सारखे. खरंच असतात का? मला तर वाटतं, तिथं तरी त्यांना कळू दे."

ताई, तुमच्या मावशी अर्धं खरं बोलल्या. तिथं सगळे सारखे, हे खरं. पण म्हणून पगार सोडून द्यायचा, हे त्यातून निघत नाही. पगाराकडे शेवटी येतो.

आधी तुमचा प्रश्न. कॅथलिक श्रद्धेत न्याय दोनदा सांगितला आहे. माणूस मरतो त्या क्षणी त्याचा एकट्याचा न्याय होतो, आणि जगाच्या शेवटी सगळ्यांचा मिळून. पहिल्यात प्रत्येक जण एकटा उभा असतो. तिथं घराण्याचं नाव सांगायला कुणी नसतं, वकील नसतो, मागं उभं राहणारं गावही नसतं. दुसऱ्याबद्दल बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात म्हटलं आहे की लहानथोर सगळे मेलेले सिंहासनापुढे उभे होते आणि पुस्तकं उघडली गेली. रोमकरांस पत्रातलं वाक्य तर तुम्ही चर्चमध्ये अनेकदा ऐकलं असेल: देवाजवळ पक्षपात नाही.

पण 'सारखे' म्हणजे नेमकं काय, हे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात दिसतं. तिथं राजा सहा गोष्टी विचारतो. भुकेल्याला खायला दिलं का, तहानेल्याला पाणी दिलं का, परक्याला घरात घेतलं का, उघड्याला कपडे दिले का, आजाऱ्याकडे गेलात का, तुरुंगातल्याला भेटलात का. बस, एवढ्याच. घर केवढं होतं, जात कुठली, मयताला माणसं किती, यातलं एकही नाही. आणि एक गोष्ट वाचताना हातून निसटते: उजवीकडचे आणि डावीकडचे, दोन्ही गट राजाला एकच उलटा प्रश्न करतात. प्रभो, तू आम्हांला भुकेला कधी दिसलास? ज्यांनी दिलं त्यांनाही ठाऊक नव्हतं, ज्यांनी नाही दिलं त्यांनाही नाही. तुमच्या आईनं त्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून कुणाला पेज वाढली असेल, तर ती तिच्या लक्षातही राहिली नसेल. तिथं ती मोजली जाते.

प्रश्न सगळ्यांना एकच, पण अपेक्षा प्रत्येकाकडून वेगळी. लूकच्या बाराव्या अध्यायात येशू म्हणतो, ज्याला पुष्कळ दिलं त्याच्याकडून पुष्कळ मागितलं जाईल. मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेनं सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं, असंही तोच म्हणतो. म्हणजे ज्याच्या घरी माड, शेत आणि नोकरमाणसं होती, त्याला त्या सहा प्रश्नांना सोपी उत्तरं देता येणार नाहीत. श्रीमंती हा गुन्हा नव्हे. जक्कय या धनवान जकातदारानं अर्धी मालमत्ता गरिबांना दिली आणि त्याच दिवशी त्याच्या घरी तारण आलं. अरिमथाईचा योसेफ धनवान होता, त्यानं खडकात स्वतःसाठी खोदलेली नवी कबर येशूला दिली. ही कबर लक्षात ठेवा, भावाशी बोलताना ती लागणार आहे.

आता 'तिथं तरी त्यांना कळू दे' याबद्दल. तुमचा राग आम्हांला समजतो. आईला जाऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते, आणि चर्चमध्ये तुम्हांला बाकावरून उठवलं. तरीही त्या रागाला अंतिम न्यायाचा आधार देऊ नका. लूकच्या सोळाव्या अध्यायातली श्रीमंत माणूस आणि लाजर यांची गोष्ट पुन्हा एकदा सावकाश वाचा. अब्राहाम सोडला तर येशूच्या दाखल्यांत नाव असलेला माणूस हा एकच, आणि तो दारातला भिकारी. श्रीमंताला नाव नाही. श्रीमंत मेल्यावर यातनांत पडतो आणि वर पाहून काय म्हणतो? लाजरला पाठव, बोटाचं टोक पाण्यात बुडवून माझी जीभ गार करू दे. म्हणजे दारातल्या माणसाचं नाव त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. आणि मेल्यावरही तो लाजरला कामालाच लावतो आहे! वरचा-खालचा हा हिशेब त्याच्या डोक्यातून मरणानंतरही गेला नाही, तीच त्याची यातना. 'आता आमची पाळी, आता ते खाली' असं आपण म्हणतो, तेव्हा तोच हिशेब आपण फक्त उलटा मांडत असतो.

शिवाय चर्च काही माणसांना संत म्हणून जाहीर करते, पण अमुक माणूस नरकात गेला असं एकाही माणसाबद्दल तिनं कधी जाहीर केलेलं नाही. भाटकारांचं शेवटच्या घटकेला काय झालं, हे तुम्हांला, आम्हांला किंवा त्या सहा फादरांना ठाऊक नाही. तसंच आई गरीब होती म्हणून आपोआप स्वर्गात गेली, असंही चर्च शिकवत नाही. तिलाही ते सहा प्रश्न आहेत, तिलाही शुद्धिस्थान (स्वर्गाआधी आत्मा शुद्ध होण्याची अवस्था) असू शकतं. म्हणून तर तिच्यासाठी प्रार्थना करायची.

आता कर्ज. भावाला सांगा, काढू नकोस. कारण फक्त पैशाचं नाही. मयताचा थाट मेलेल्याच्या उपयोगाचा नसतो, जिवंतांच्या समाधानाचा असतो, असं संत ऑगस्टीन यांनी सोळाशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलं आहे, आणि हे त्यांना स्वतःच्या आईमुळे नीट ठाऊक होतं. त्यांची आई मोनिका हिनं नवऱ्याशेजारी स्वतःच्या कबरेची जागा आधीपासून ठरवून ठेवली होती. पण इ.स. 387 मध्ये परतीच्या वाटेवर रोमजवळच्या ओस्तिया बंदरात ती आजारी पडली. दोन मुलगे जवळ होते. त्यातला एक म्हणाला, आई परक्या मुलखात नको, आपल्या घरी जावी. यावर ती म्हणाली, हे शरीर कुठंही ठेवा, त्याचा घोर लावून घेऊ नका. एवढंच मागते, जिथं असाल तिथं प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा. भावाला हे वाचून दाखवा. तो वाईट विचार करत नाही. आईच्या बाबतीत मुलाला वाटावं तेच त्याला वाटतं आहे. पण ज्याच्यावर ही सगळी श्रद्धा उभी आहे, त्याला स्वतःची कबर नव्हती. तो दुसऱ्याच्या कबरेत ठेवला गेला.

आणि कायमच्या दगडाचंही काय होतं, ते पाहायचं असेल तर एका रविवारी भावाला घेऊन जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये जा. तिथली जमीन पोर्तुगीज सरदारांच्या थडग्यांच्या दगडांनी भरलेली आहे. घराण्यांची चिन्हं कोरलेली, मुकुट, ढाली, लांबलचक नावं. दारातून आत येणारा प्रत्येक पर्यटक त्यांवरून चालतो. कित्येक अक्षरं पावलांनी झिजून गुळगुळीत झाली आहेत, बोट फिरवलं तरी लागत नाहीत.

गोव्यातल्या सिमितेरीत (दफनभूमीत) जागा थोडी, म्हणून बहुतेक फिर्गजांत (पॅरिशांत) ठरावीक वर्षांनी, साधारण तीनेक, तीच जागा पुन्हा उघडतात. हाडं काढून सामाईक अस्थिकुंडात किंवा भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. यात अपमान नाही. गडबड होते ती निष्काळजीपणानं, आणि ती तुम्ही टाळू शकता. आत्ताच विगाराच्या (चर्चच्या मुख्य फादरच्या) कार्यालयात जाऊन मृतांच्या नोंदवहीतली आईची नोंद पाहा. प्रत्येक दफनाची नोंद ठेवणं चर्चच्या कायद्यानं बंधनकारक आहे. नोंदीचा क्रमांक आणि तारीख लिहून आणा, स्पेलिंग तपासा. घरात मराठी आणि कागद इंग्रजीत, म्हणून आडनाव चुकलेलं सापडायची शक्यता मोठी. तुमचा आणि भावाचा, असे दोन्ही फोन नंबर तिथं द्या. तीन वर्षांत एक नंबर बदलतोच, आणि मग जागा उघडली जाते तेव्हा घरच्यांना पत्ता नसतो. लाकडी क्रुसावर चुन्यानं किंवा साध्या रंगानं लिहिलेलं नाव एका पावसाळ्यात धुऊन जातं. ऑइल पेंटचे दोन हात द्या, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा, आणि खाली नोंदीचा क्रमांक टाका. जागा उघडायची वेळ आली की पावसाळ्यानंतरची तारीख मागून घ्या, कारण ओल्या मातीत काम नीट होत नाही. पेटी जाड पॉलिश केलेली असेल किंवा आत प्लॅस्टिक असेल, तर शरीर विरघळायला जास्त वेळ लागतो; तसं असेल तर खणणाऱ्याला आधीच सांगा. त्या दिवशी स्वच्छ पांढरं सुती कापड घेऊन स्वतः हजर राहा आणि फादरना दोन शब्द प्रार्थनेचे म्हणायला सांगा. कोनाडा घ्यायचा असेल तर तो दोन लाखांच्या मानानं फार कमी खर्चात होतो. पण तोही गरजेचा नाही.

तीस मिस्सांबद्दल. त्यांना ग्रेगोरियन मिस्सा म्हणतात: एकाच मृतासाठी, सलग तीस दिवस, रोज एक. ही प्रथा पोप पहिले ग्रेगरी यांच्यापासून आली, आणि ती मूळ गोष्ट भाटकारांच्या घरच्यांनाही ठाऊक नसेल. त्यांच्या मठात युस्तुस नावाचा एक साधू होता. गरिबीचं व्रत घेतलेलं असताना त्यानं सोन्याची तीन नाणी लपवून ठेवली. ती सापडली तेव्हा तो मरणाला टेकला होता. ग्रेगरींनी त्याला साधूंच्या दफनभूमीत जागा दिली नाही. शेणखताच्या खड्ड्यात पुरलं आणि ती नाणी वर टाकली. मग त्याची दया येऊन तीस दिवस रोज त्याच्यासाठी मिस्सा करवली. म्हणजे ज्याला धड कबरही मिळाली नाही, त्याच्यासाठी ही प्रथा सुरू झाली. चांगली प्रथा आहे, पण तीस झाल्या की सुटका नक्की, अशी हमी चर्चनं कधी दिलेली नाही. एका मिस्सेतही ख्रिस्ताचं बलिदान पूर्णच असतं.

मिस्सेसाठी देतो ते दान, किंमत नव्हे. त्याची रक्कम चर्चचे अधिकारी ठरवतात आणि फादर त्याहून जास्त मागू शकत नाहीत. चर्चच्या कॅनन कायद्याच्या 947 व्या कलमात व्यापाराचा नुसता भासही नको म्हटलं आहे. 945 व्या कलमात फादरना आग्रहानं सांगितलं आहे की दान मिळालं नाही तरी लोकांच्या, विशेषतः गरिबांच्या इच्छेसाठी मिस्सा करावी. तेव्हा कार्यालयात जाऊन सरळ म्हणा, 'आईसाठी मिस्सा ठेवायची आहे, आत्ता देण्यासारखं नाही.' यात लाज नाही. वर्षातून दोन ठेवा, एक तिच्या तिथीला आणि एक तिच्या वाढदिवसाला. भावाला कर्जाऐवजी या दोन तारखा सांभाळायला सांगा.

आणि एक गोष्ट, जिला एक पैसा लागत नाही. 1 ते 8 नोव्हेंबर या आठ दिवसांत सिमितेरीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली, अगदी मनातल्या मनात केली तरी, त्या दिवशी एका मृतासाठी पूर्ण दंडमाफी (पापाची क्षमा झाल्यावरही उरणाऱ्या शिक्षेतून सूट) मिळते. अटी चार: कुमसार (फादरपुढे पापांची कबुली), ख्रिस्तप्रसाद, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना (एक 'आमच्या बापा' आणि एक 'नमो मरिये' पुरे), आणि मनात पापाची ओढ नको. कुमसार एकदा केलं की पुरतं, ते वीसेक दिवस आधी किंवा नंतर झालं तरी चालतं. ख्रिस्तप्रसाद आणि प्रार्थना मात्र रोज. दिवसाला एकच मिळते. चुकतं ते चौथ्या अटीत. ज्याच्याविषयी मनात विष आहे त्याला मनातून न सोडता सिमितेरीत गेलात, तर ती पूर्ण होत नाही, अंशतःच राहते. आठ दिवसांपैकी एक दिवस भाटकारांच्या नावानं करता आला तर करा. या वर्षी नाही जमलं तर पुढच्या.

बाकाची गोष्ट मात्र सोडू नका. सहा फादर आले कारण ते त्या घराचे ओळखीचे होते. त्यानं मिस्सा मोठी होत नाही. बँड हा विधीचा भागच नव्हे. पण विधीत जे असतं, म्हणजे दफनाची मिस्सा, पवित्र पाणी, धूप, पास्काची मोठी मेणबत्ती, शेवटचा निरोप, ते दोघांना एकसारखं मिळायला हवं होतं. पेटीवर पांढरं वस्त्र घालतात ते बाप्तिस्म्याच्या पांढऱ्या कपड्याची खूण म्हणून, आणि खाली शिसम आहे की फणस हे दिसू नये, हेही त्यात येतं. कॅनन कायद्याच्या 1181 व्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे: मयताच्या बाबतीत माणसामाणसांत पक्षपात नको, आणि गरिबाला योग्य अंत्यविधीपासून वंचित ठेवू नये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 4 डिसेंबर 1963 रोजी ठरवलं की उपासनेत कुणा खासगी माणसाला किंवा वर्गाला वेगळा मान द्यायचा नाही. सरकारी अधिकारपदाच्या व्यक्तींना रीतीप्रमाणे मान देता येतो, तेवढी सवलत आहे, म्हणून आमदारांच्या बाकाबद्दल भांडू नका. तुम्हांला उठवलं, त्याबद्दल बोला. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय याच प्रसंगाचा आहे: सोन्याची अंगठी घातलेल्याला म्हणता 'इथं बसा', आणि मळक्या कपड्यातल्याला म्हणता 'तू तिथं उभा राहा'.

विगाराला वेळ मागून भेटा. मिस्सा संपल्यावर दारात गाठू नका, तेव्हा ऐकलं जात नाही. तारीख, वेळ आणि कुणी उठवलं एवढंच सांगा. मागणी एकच ठेवा: पुढच्या मयतांना घरच्यांच्या दोन बाकांपलीकडे राखीव बाक नकोत, आणि हे पॅरिश कौन्सिलमध्ये ठरावं. कोंफ्रारियेचे लोक सभासदाच्या मयताला येतात, तो सभासदत्वाचा भाग. पण गोव्यात कित्येक गावांत ही सभासदत्वं पिढ्यानपिढ्या जातीनं ठरत आली, आणि बाप्तिस्म्याच्या पाण्यानं जे एक केलं ते ओपाच्या रंगानं पुन्हा वेगळं केलं. भावाला सभासद व्हायचं असेल तर लेखी अर्ज द्यावा, आणि नकार आला तर तोही लेखी मागावा.

आता पगार. मावशीला सांगा की मजुराचा पगार बुडवणं हे आकाशाकडे आक्रोश करणाऱ्या पापांत गणलं आहे. याकोबाच्या पाचव्या अध्यायात तो राखलेला पगारच ओरडतो. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यायला सांगितलं आहे. म्हणजे देवाला हे पैसे इथंच, वेळेवर दिले जायला हवे आहेत. न्यायाच्या दिवसाची वाट पाहून ते मागायचे नाहीत. भाटकार गेले तरी देणं त्यांच्या मागं राहिलेल्या मालमत्तेवर आहे, आणि आईचं येणं तुम्हां दोघां भावंडांचं आहे. शिवाय त्यांच्या मुलांना हे कळवणं म्हणजे बापाचं कर्ज फेडायची संधी त्यांना देणं. कदाचित त्यांना ठाऊकही नसेल.

एका कागदावर सात महिने एकाखाली एक लिहा, प्रत्येकापुढे ठरलेला पगार, मधे काही मिळालं असेल तर ते वजा, आणि खाली बेरीज. कुणासमोर पैसे दिले जात, दुकानाची वही, फोनवरचे निरोप, बँकेची नोंद, जे असेल ते जोडा. पत्र साधं, सभ्य लिहा, धमकी नको, आणि तीस दिवसांची मुदत द्या. स्पीड पोस्टनं पाठवा. पगाराच्या दाव्याला मुदत तीन वर्षांची, आणि ती प्रत्येक महिन्याला त्या त्या महिन्यापासून लागते. म्हणजे सगळ्यांत जुना महिना सगळ्यांत आधी हातचा जाईल. उत्तर आलं नाही तर म्हापशाला तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा 15100 वर फोन करा. स्त्रीला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, म्हणून अर्ज भावाच्या नावानं नको, तुमच्या नावानं करा. पोस्टाची पावती, पत्राची प्रत आणि आईचा मृत्यूचा दाखला एकाच पाकिटात ठेवा.